हेळव्याच्या वहीतला येसू

मनुबाई शिंगटेला कुणी 'वकीलीणबाई' म्हटलं तर ती हसून सोडून देते. 'मॅडम' म्हटलं तर मात्र मान वर करून विचारते, "मॅडम कुणाला म्हंतूस रं? माज्या पायात उंच टाचा दिसत्यात व्हय तुला?" कराडच्या तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधल्या फटीत तिचं टेबल आहे. टेबल कसलं, शाळेने मोडीत काढलेला बाक. त्यावर कार्बन, स्टेपलर आणि टाचण्यांची डबी. बाई सातवी नापास. पण रेशनकार्डातून सुनेचं नाव गळालं, सातबाऱ्यावर मेलेला चुलता अजून जिवंत दिसतोय, कागदावर खोदलेली विहीर रानात कुठे आहे ते माहितीच्या अधिकारात विचारायचंय, असलं काही निघालं की लोक काळ्या कोटवाल्यांना ओलांडून तिच्याकडे येतात. कारण वकील म्हणतो 'बघू', आणि मनुबाई म्हणते 'बस'.

कायदा ती वाचून शिकली नाही, भांडून शिकली. सव्विसाव्या वर्षी नवऱ्याच्या घरातून चालत बाहेर पडली तेव्हा पहिला अर्ज तिने स्वतःच लिहिला. साहेबाने लाल पेन काढून त्यातल्या अठरा चुका दाखवल्या. मनुबाई म्हणाली, "चुका मोजून झाल्या असतील तर आता अर्ज वाचा." साहेबाने वाचला. तेव्हापासून आज अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिची चाल तीच. तिच्या तोंडाला अख्खा तालुका टरकून असतो.

फक्त तिचं गाव टरकत नाही. गावाकडे तिचं एक दुखणं आहे.

गाव तांबजाईवाडी, कराडहून एसटीने पाऊण तास. पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. गाव जागचं हललेलं नाही, जिल्हाच त्याच्या अंगावरून सरकला. या गावात चैत्राच्या यात्रेला तमाशाचा फड येतो. सन १९१६ च्या यात्रेलाही आला होता. तीन दिवस खेळ झाले, चौथ्या दिवशी फड गेला आणि त्याच आठवड्यात येसू शिंगटे गावातून नाहीसा झाला. वय बावीस, पाटलाच्या घरी सालगडी, ढोलकीवर हात बरा. मागे बायको चंद्रा आणि तीन महिन्यांचं पोर. गाव म्हणालं, गेला फडाबरोबर. तेव्हापासून शिंगट्यांचं घर म्हणजे 'फडातल्याचं घर'.

येसू हा मनुबाईचा पणजोबा. शंभर वर्षं उलटली तरी यात्रेत एखादा टोळभैरव हटकून म्हणणार, "आक्का, पणजोबा आल्यात का बघा जरा, ढोलकी वळखीची वाटती!" अशा एकाच्या तोंडावर मनुबाईने भेळेचा द्रोण पालथा घातला होता, चिंचेच्या पाण्यासकट. तमाशा ही काही लाजायची गोष्ट नव्हे, घाम गाळून मिळवलेली भाकरी आहे ती, हे मनुबाई कुणालाही ठणकावून सांगते. पण तीन महिन्यांचं पोर टाकून गेलेला बाप, हे तिला गिळवत नव्हतं. तिच्या बापाचं लग्न त्या एका गोष्टीपायी तीनदा मोडलं होतं. चौथ्या वेळी जमलं, तेही मुलीकडचे बहिरे होते म्हणून, असं ती स्वतःच सांगते.

तर गेल्या पौषात तिच्या बाकासमोर पांढरी गाडी थांबली आणि जयराज पाटील उतरला. तांबजाईवाडीचा माजी सरपंच. माजी हा शब्द त्याला उसाच्या पाचटासारखा टोचतो, म्हणून निवडणुकीची हालचाल दिसली की तो गावाचं भलं करायला निघतो.

"आक्का, एक लय मोठं काम आणलंय."

"मोठं काम मोठ्या वकिलाकडं न्यायचं. हितं बारकी कामं व्हत्यात."

"तसं नगा करू. आपल्या गावाच्या इज्जतीचा सवाल हाय." जयराजने मोबाइल पुढे केला. "आमची पुतणी हाय न्हवं, क्रांती, पुण्यात शिकती, तिनं हुडकलंय. पयल्या महायुद्धात कामी आलेल्यांची यादी. हे बघा. 'शिपाई भैरू, वडील मल्हारी पाटील, गाव तांबजाईवाडी, जिल्हा सातारा. इराकात बसऱ्याच्या बाजूला मृत्यू, सन सतरा.' आक्का, आमच्या घरात हुतात्मा निघाला!"

मनुबाईने चष्मा लावून बघितलं. तांबजाईच्या देवळाजवळ एक संगमरवरी पाटी आहे, 'या गावातून महायुद्धात २७ माणसे गेली, त्यांपैकी ३ परत आली नाहीत'. त्यावर नावं नाहीत. गोऱ्या साहेबाच्या हिशेबी नेटिव्हाला आकडा पुरे. पाटीखालच्या कट्ट्यावर गावचे रिकामे लोक पत्ते कुटतात. त्या तिघांतला एक असा मोबाइलमधून बाहेर आला होता.

"भैरू तुमचा कोण?"

"आमच्या आबांचा थोरला भाऊ असणार. आबा म्हंजी माझं पणजोबा. मल्हारी पाटलाचं पोरगं. घरात कुणाला धड ठावं न्हाई, पर दुसरं कोण असणार? गावाच्या तोंडाला कमान उभी करतुया. 'हुतात्मा भैरू मल्हारी पाटील प्रवेशद्वार'. फकस्त जिल्ह्याच्या कचेरीला वंशावळ पायजे, पुराव्यासकट. तेवढी तुमी जुळवा."

मनुबाईच्या मनात आलं, बघ, एकाच गावची दोन घरं. ह्यांच्यातला गेला तो कमानीवर चढणार, आमच्यातला गेला तो भेळेच्या गाडीवर चघळायला. पण काम ते काम. तिने फाइल उघडली.

साताऱ्याच्या एका कचेरीत कारकून म्हणाला, "बाई, तुमचं गाव आता सांगलीत." सांगलीच्या कचेरीत दुसरा म्हणाला, "बाई, १९१७ ला तुम्ही साताऱ्यात होता." मनुबाई परत साताऱ्याला गेली. तो म्हणाला, "सांगितलं ना." मनुबाई म्हणाली, "सांगितलं तुमी बरुबर. आता हेच लिवून द्या. म्हंजी मी दोन्ही कागद एकमेकांना चिकटवून वर पाठवते, 'हा माणूस कुठल्याच जिल्ह्यातनं लढाईला गेला न्हाई' म्हणून." कारकुनाने चहा मागवला. दोन हेलपाट्यांत कळलं ते एवढंच, की सन वीसनंतरच्या जमिनीच्या कागदांवर 'आबा मल्हारी पाटील' असं नाव आहे आणि त्याआधी 'भैरू मल्हारी' असं. मल्हारीला दोन पोरं होती असा एकही कागद नाही. एक नाव मावळतं, दुसरं उगवतं. दोन्ही एका कागदावर कधी भेटत नाहीत.

हे मनुबाईच्या नाकाला झोंबलं. जे नाक रोज खोटी शिधापत्रिका वासावर ओळखतं, ते असं काही सोडत नाही.

ती गावच्या शाळेत गेली. निमिष गुरुजींनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, वाळवीने कड खाल्लेलं. सन अठ्ठावीसची नोंद. जयराजच्या आजोबांची, ज्यांना गाव तात्या म्हणायचं. 'कृष्णा भैरू पाटील, जन्म सन १९२१.' तेव्हाचे मास्तर वाईचे, गावात नवे. घरात काय म्हणतात ते त्यांनी विचारलं नाही, बापाचं खरं नाव विचारलं आणि लावलं.

मनुबाईने बोटं मोजली. बसऱ्याला मेला सतरा साली. तात्या जन्मले एकवीस साली. तिने परत मोजली. मग ती हसायला लागली, आणि अशी हसायला लागली की गुरुजी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"काय झालं, आक्का?"

"काय न्हाई गुरुजी. मोठं कर्तबगार घराणं हाय ओ पाटलाचं. मेल्यावर चार वर्सांनी पोरं व्हत्यात."

हसू ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. म्हणजे आबा हाच भैरू. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पोरांनी बापाचं घ्यायचं नाही, सगळ्यांनी मिळून माणसाला आबा म्हणायचं. दोन पिढ्यांत घरच्यांनाच त्याचं नाव आठवेनासं होतं. आणि इथे तर विसरण्यात सोयही होती. भैरू सरकारदरबारी मेला होता, मग जिवंत भैरूला दुसरं नाव घेणं भागच होतं. पण मेला तर कुणीतरी होता. सरकारने कुणाचा तरी मुडदा मोजला होता. तो कुणाचा?

घरी येऊन तिने आत्तीला विचारलं. आत्ती म्हणजे अंबूबाई, मनुबाईच्या बापाची थोरली बहीण. सत्त्याऐंशी वर्षांची, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. दात तीन, पण जीभ पूर्ण. आजीने, म्हणजे येसूच्या चंद्राने, तिला वाढवलेलं. दोघी आत्या-भाच्या एका घरात राहतात आणि दिवसातून चारदा भांडतात, जेवणाच्या वेळा चुकू नयेत इतक्या नेमाने.

अंबूबाई लसूण सोलत म्हणाली, "हेळव्याला इचार की."

हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारी माणसं. कर्नाटकाच्या बाजूने सुगी झाली की येतात. पूर्वी बैलावर बसून यायची, आता मोटारसायकलवर. दारात उभं राहून मूळ गाव, कुलदैवत, खापरपणज्यापासून आजच्या पोरापर्यंत सगळी नावं खणखणीत म्हणतात, नवीन जन्मलेलं पोर वहीत चढवतात, धान्य-कापड घेऊन पुढे जातात. ज्या घराचं पान त्या घराच्याच दारात उघडायचं, दुसऱ्याच्या नाही, हा त्यांचा दंडक.

"आपल्या दारात हेळवी कवा आल्याला मी बगितला न्हाई," मनुबाई म्हणाली.

"येईल कसा? आज्जीकडं त्याला घालायला सूपभर जुंधळं नव्हतं. तिनं बोलावला न्हाई, त्यो थांबला न्हाई. पुढं मोडलं ते मोडलंच."

माघात सिद्राम हेळवी गावात आला. हँडलला पितळी घंटा बांधलेली, मागच्या सीटवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोडी लिपीतली वही. पाटलाच्या दारात त्याने पाटलांची बारा पिढ्यांची माळ म्हटली, जयराजने तिचा व्हिडिओ काढला. तिथून तो निघाला तेव्हा मनुबाई रस्त्यात आडवी उभी होती. कमरेला पदर खोचलेला, शेजारी ज्वारीचं अख्खं पोतं.

"सिद्रामअण्णा, आमच्या दारात यायचं."

"शिंगटे न्हवं का री तुमी?" सिद्रामने गाडी बंद केली. "तुमचं दार माज्या बापानंबी बघितलं न्हाई, आक्का."

"मग आज तुमी बघा. दारच हाय, चावत न्हाई."

दारात घोंगडं अंथरलं. अंबूबाई उंबऱ्यावर लसणाची पाटी घेऊन बसली. सिद्रामने वही कपाळाला लावली, पानं उलटली, आणि एका पानावर त्याचं बोट थांबलं. पान इतकं कोरं-करकरीत होतं की शेजारच्या पानाला चिकटलं होतं. शंभर वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं. त्याने मूळ गाव म्हटलं, कुलदैवत म्हटलं, सहा पिढ्या म्हटल्या. सातव्या पिढीला त्याचा आवाज उतरला.

"म्हणा की. काय झालं?"

"आक्का, हितं जास्ती लिवलंय."

"जास्ती असंल ते आधी वाचा."

सिद्रामने वाचलं. "'येसू मारुती. शके अठराशे अडतीस, चैत्र. पाटलाच्या भैरूच्या नावावर लढाईला दिला. माघारा नाही. बायको चंद्रा. पोर एक, नाव सदू.'"

समोरच्या घरावरचा कावळासुद्धा गप्प झाला असता, पण तो तिथे नव्हता. समोरच्या घरात टीव्हीवर मालिका मोठ्याने चालू होती. मनुबाई घोंगड्यावर पुढे सरकली आणि तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्या काळी सरकारला माणसं पाहिजे होती आणि गावागावातून माणसं भरून द्यायचं ओझं पाटलावर होतं. गावची पोरं पाठवली आणि आपलं पोर घरात ठेवलं तर गाव बोलणार, साहेब बोलणार. म्हणून मल्हारी पाटलाने कागदावर आपला एकुलता भैरू लिहिला, त्याला दोन वर्षं आजोळी दडवला, आणि बैलगाडीत त्याच्या नावाने आपला सालगडी बसवून दिला. लढाई कुणाची, मेला कोण आणि आता कमान कुणाची!

"पाटलाच्या दारात तर तुमी 'मल्हारीचा आबा' म्हणला आत्ता!" मनुबाई उसळली. "हे का म्हणला न्हाई?"

"पाटलाच्या पानावर पाटलानं सांगितलं तसं माज्या पणज्यानं लिवलं. एक खोंड दिला हुता त्येंनी." सिद्राम वहीकडे बघत म्हणाला. "तुमच्या पानाला कुणी काय सांगितलंच न्हाई. मग त्यानं हितं खरं लिवून ठेवलं."

मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडात शिवी. दोन्हींपैकी आधी काय बाहेर काढावं हे ठरेना. तेवढ्यात तिचं लक्ष अंबूबाईकडे गेलं. म्हातारी शांतपणे लसूण सोलत होती. एक पाकळीसुद्धा चुकली नव्हती.

"आत्ती," मनुबाई सावकाश म्हणाली, "तुला ठावं हुतं."

"थोडं थोडं."

"थोडं थोडं म्हंजी किती?"

"म्हंजी सगळं." अंबूबाईने पाटी बाजूला सारली. "आज्जीनं मरायच्या आदल्या वर्सी सांगितलं. पाटलाचा माणूस परसदारी येऊन सांगून गेला म्हणं, येसू गेला, गप ऱ्हा. मागनं दोन बायका आल्या, बांगड्या फोडायला, गुपचूप. आज्जी म्हणली, कागदावर कोण मेलाय? भैरू मेलाय. मग जावा, पाटलाच्या सुनंच्या फोडा! माझ्या कशाला?"

सिद्राम हसला आणि लगेच वहीआड झाला.

"आन् दुसऱ्या दिशी इहिरीवर जाऊन सगळ्या बायांत बोलली, आमचं मालक फडात हाईत, ढोलकी वाजवत्यात, मनाला यील तवा येत्याल. गावात कुजबुज हुतीच, हिनं शिक्का मारला."

"म्हंजी ते तिनंच उठिवलं?" मनुबाईचा आवाज चिरकला. "आवं, शंभर वर्सं आमी त्यापायी बोलणी खातुया! माज्या बापाची तीन लग्नं मोडली! मी भेळ फेकली!"

"भेळ तू तुज्या सवभावानं फेकलीस. त्यात आज्जीचा काय गुना?" म्हातारी म्हणाली. "त्यो मेला म्हणली आसती तर पांढरं कपाळ घिऊन बसली आसती वयाच्या इसाव्या वर्सी. फडात गेला म्हणली, मग त्यो जिता ऱ्हायला. लोकं हसली, हसू द्यात. हिरव्या बांगड्या घालून गेली ती बासष्ट साली. पंचेचाळीस वर्सं नवरा पुरला तिला. तुला तुजा किती वर्सं पुरला गं?"

मनुबाईने लसणाची पाटी स्वतःकडे ओढली आणि सोलायला बसली.

पण ती मनुबाई. आज्जीने नवरा जिता ठेवला ते आज्जीचं. आपल्या घराला लागलेला शब्द पुसायचा तो आपण, हे तिने त्याच घोंगड्यावर ठरवलं. सिद्रामकडून त्या पानाचा उतारा अंगठ्यासह लिहून घेतला, शाळेच्या नोंदीची खरी प्रत काढली, आणि जयराजला निरोप धाडला, वंशावळ तयार हाय, न्यायला या.

जयराज आला तो कमानीचं चित्रच घेऊन. दोन सिंह, मध्ये तोफ, वर त्याचा स्वतःचा फोटो, कोपऱ्यात हात जोडलेला.

"बसा पाटील. एक सांगा, तुमच्या आबांचं नाव काय?"

"आबा."

"नाव इचारलं."

"आवं आबा म्हंजी आबाच की!"

"आय-बापानं पाळण्यात घालून कानात 'आबा' म्हणलं व्हय?"

जयराज हसला. मनुबाईने शाळेची प्रत पुढे सरकवली. तो वाचत गेला तसं त्याचं हसू खाली सरकत गेलं, मिशीपाशी येऊन अडकलं.

"आता दोनच वाटा हाईत," मनुबाई म्हणाली. "बसऱ्याला मेला त्यो भैरू नव्हं, दुसराच कोण हुता, ही एक. न्हाईतर त्यो भैरूच हुता. मग सतरा साली मेलेल्या माणसाचं पोरगं एकवीस साली..."

"आक्का! हळू!"

"हळू कशाला? हुतात्म्याची गोष्ट हाय, मोठ्यानं सांगायची आसती."

शेजारच्या दोन्ही झेरॉक्स मशिनी एकदम बंद पडल्या होत्या. वीज गेली नव्हती. जयराजने गळ्यातला रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आवाज एकदम गोड केला.

"मग मेला कोण म्हंता?"

मनुबाईने हेळव्याचा उतारा पुढे ठेवला. जयराजने तो दोनदा वाचला. राजकारणात बावीस वर्षं काढलेला माणूस, पडला तरी उभा असल्यासारखा दिसणार.

"म्हंजी बघा आक्का, आमच्या आबांनी किती मोठ्या मनानं आपलं नाव येसूला दिलं..."

"नाव दिलं!" मनुबाई उठूनच उभी राहिली. "नाव तुमचं गेलं, जीव आमचा गेला. नाव काय, दुसरं मिळालं तुमाला, आबा म्हणून. आमाला दुसरा येसू मिळाला का? भाषणात ह्यो शब्द आला, तर ह्या दोन कागदांच्या दोनशे प्रती त्याच मांडवात वाटीन. झेरॉक्स हितं शेजारीच हाय, आन् पोरं बघा कशी तयार उभी हाईत."

दुकानातली पोरं खरंच तयार उभी होती.

"काय करू सांगा मग," जयराज म्हणाला. पहिल्यांदा तो खालच्या पट्टीत बोलला. "कमानीचा पाया भरलाय. निवडणूक तोंडावर हाय. पणजोबाचं असं चव्हाट्यावर आलं तर आमची पोरं गावात तोंड कुठं दाखवतील?"

"कमान पाडा कुठं म्हणलं? कमान करा. नाव बदला. भाषणात सांगा, पाटील घराण्यानं शोध लावला आन् चूक कबूल केली. मतं पडतील तुमाला. चूक कबूल केल्याला पाटील ह्या गावानं आजून बघितला न्हाई, निदान बघायला तरी येतील."

जयराज चित्र गुंडाळत म्हणाला, "आक्का, तुमीच उभ्या का ऱ्हात न्हाई?"

"मी बसलेलीच बरी. मी उभी ऱ्हायली की लोकं पळत्यात."

फाल्गुनात कमान उभी राहिली. सिंह गेले, फोटो गेला, तोफ तेवढी राहिली कारण ती आधीच ओतून झाली होती. अक्षरं रंगवायच्या दिवशी जयराजच्याच गाडीतून अंबूबाईला आणलं. म्हातारी पुढच्या सीटवर बसली होती आणि काच खालीवर करून बघत होती. पेंटर यशराज परांचीवर चढून ब्रश भिजवत होता. खडूने मजकूर आखलेला. मनुबाईने आत्तीला हाताला धरून कमानीखाली उभं केलं आणि बोटाने दाखवत वाचलं. हे तिला यात्रेत, एसटीत, भेळेच्या गाडीवर, सगळीकडे मोठ्याने वाचायचं होतं.

"'हुतात्मा येसू मारुती शिंगटे'. दिसतंय का आत्ती?"

"हुतात्मा म्हंजी?"

"म्हंजी लढाईत मेला."

"मग नगं."

"आँ?"

"ते पुसा." म्हातारीने काठी वर केली. "आज्जीनं जलमभर त्याला मरू दिला न्हाई. आन् तुमी गावाच्या तोंडाला लिवून ठेवताय मेला म्हणून! येणारा-जाणारा वाचणार, पयलं तेच."

"आवं आज्जी, हुतात्मा न्हाई म्हणलं तर कमानीला वजन काय ऱ्हायलं?" जयराज कळवळून म्हणाला. "पाव्हणं येणार हाईत उद्घाटनाला!"

"वजन पायजे तर तोफ हाय की वर."

त्या एका शब्दासाठी मनुबाईने दोन जिल्हे पालथे घातले होते. त्या शब्दाने गावाची तोंडं कायमची शिवली जाणार होती. तिने आत्तीकडे बघितलं. म्हातारी कमानीकडे बघत नव्हती, ती तिच्याकडे बघत होती, आणि तीन दात असलेलं तोंड गच्च मिटलेलं होतं. हे तोंड मिटलेलं मनुबाईने जन्मात पाहिलं नव्हतं.

"यशराज," ती म्हणाली, "ओला फडका घे. पयला शब्द पूस."

"आक्का!" जयराज.

"पाटील, गप बसा. नाव ऱ्हातंय. खाली लिव, 'सन १९१६ साली भैरू मल्हारी पाटील यांच्या नावावर लढाईला गेले.' एवढंच. जास्ती एक अक्षर नगं."

"भैरूचं नाव कशाला परत?" जयराजने शेवटचा प्रयत्न केला.

"तुमी बांधलेल्या कमानीवर तुमच्या आबांचं नाव नगं व्हय? मी एवढी वाईट न्हाई."

यशराजने पुसलं, खडूने नवीन आखलं आणि तांबडा रंग भरायला घेतला. 'गेले' च्या शेवटच्या मात्रेपाशी आल्यावर त्याने ब्रश थांबवला आणि खाली वाकून विचारलं, "आक्का, गेले लिवलं. पर परत आले का न्हाई, ते लोकं इचारतील की. काय सांगायचं?"

मनुबाई तोंड उघडणार तेवढ्यात अंबूबाईच बोलली.

"जागा सोड म्हणावं खाली थोडी," ती म्हणाली, "आन् रंग वाळू नगं दिऊस."